फिफ्थ ॲव्हेन्यूची फ्रेंच, हार्लेमची फ्रेंच

न्यूयॉर्कचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात आणि कानात इंग्रजी. इमारतींचं खरं आहे. इंग्रजीचं मात्र अर्धंच खरं. या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं घरी इंग्रजीखेरीज दुसरी कुठली तरी भाषा बोलतात. तिथे 'एन्डेंजर्ड लँग्वेज अलायन्स' नावाची एक संस्था आहे. लोप पावत चाललेल्या भाषांची नोंद ठेवणं हे तिचं काम. शहर आणि आसपासचा परिसर मिळून तिथे सुमारे सातशे भाषा बोलल्या जातात, असं या संस्थेनं नोंदवलं आहे.

हे काही आजचं नाही. १६४३ साली इझाक झोग नावाचा एक फ्रेंच जेझुइट पाद्री तिथे पोचला. तेव्हा ते डचांचं लहानसं ठाणं होतं, चार-पाचशे वस्तीचं. इथे अठरा भाषा बोलणारी माणसं आहेत, असं तिथल्या गव्हर्नरनं त्याला सांगितलं. झोगनं ते लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे न्यूयॉर्क अनेक भाषांचं गाव आहे ही जुनी नोंद एका फ्रेंच माणसानं केलेली आहे. त्याच्याही आधी, १५२४ साली, फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत असलेला व्हेराझानो हा इटालियन दर्यावर्दी त्या बंदरात शिरला होता. त्यानं त्या जागेला राजाच्या घराण्यावरून 'नूव्हेल आंगुलेम' असं नाव दिलं होतं. ते टिकलं नाही. पण त्या गावात फ्रेंच भाषा किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावं.

श्रोतेहो, मी बी.ए. करताना दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली होती. दोन वर्षांत जेवढी येते तेवढीच आली. दुकानाची पाटी वाचता येते, कविता शब्दकोश मांडीवर घेऊन वाचता येते, कुणी भरभर बोललं की नुसती मान हलवता येते. २०२३ च्या ऑक्टोबरात मी भाचीकडे ब्रुकलिनला महिनाभर राहिलो. ती आणि जावई सकाळी कामाला जात आणि मी शहरात भटकायला निघे. या भटकंतीत मला फ्रेंच दोन ठिकाणी भेटली. दोन्हीकडे तिचं रूप इतकं वेगळं होतं, की ही एकच भाषा का, असा प्रश्न पडावा.

पहिली भेटली फिफ्थ ॲव्हेन्यूवर. सेंट्रल पार्कच्या समोर, ९७२ क्रमांकाच्या घरात फ्रेंच दूतावासाचा सांस्कृतिक विभाग आहे. एका धनिकाचं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं घर, संगमरवरी खांबांचं. त्यात २०१४ साली 'अल्बर्टिन' हे पुस्तकांचं दुकान उघडलं. नाव मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतल्या नायिकेचं. वरच्या मजल्याचं छत गर्द निळं, त्यावर सोनेरी तारे आणि राशी. फ्रेंच पुस्तकं आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आलेली पुस्तकं अशी हजारो पुस्तकं तिथे मांडलेली आहेत, आणि ती सगळी फ्रान्समधली नाहीत. फ्रेंच जिथे जिथे बोलली-लिहिली जाते, अशा तीसेक देशांतली आहेत.

कवितेच्या कप्प्यात मी आपलं कुणी दिसतंय का ते शोधत होतो. अरुण कोलटकरांचं 'काळा घोडा' सापडलं. कोलटकरांनी ते इंग्रजीत लिहिलं होतं. २०१३ साली गालिमार या प्रकाशनसंस्थेनं मूळ इंग्रजीसह त्याचा फ्रेंच अनुवाद काढला, तो हा. याच गालिमारनं १९५६ साली आपल्या तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये आणले होते. अनुवादक होते गी दलरी. हा फ्रेंच जेझुइट पंढरीच्या वारीत पायी चालला आणि मग त्यानं तुकाराम फ्रेंचमध्ये नेला. न्यूयॉर्कच्या त्या निळ्या छताखाली मला एकदम देहू आठवलं, ते त्यामुळे.

बाहेर पडलं की कुंपणाच्या भिंतीवर एक लहान मुलगा बसलेला दिसतो, कांशाचा. तो 'ल पती प्रँस', म्हणजे सेंत-एक्झ्युपेरीचा छोटा राजपुत्र. हा पुतळा २०२३ च्या सप्टेंबरातच बसवला होता. हे पुस्तक जगभर फ्रेंच साहित्याचा मानबिंदू समजलं जातं. पण ते लिहिलं गेलं न्यूयॉर्कमध्ये आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा छापलं गेलं तेही तिथेच. फ्रान्स तेव्हा जर्मनीच्या टाचेखाली होता. लेखक सव्वादोन वर्षं न्यूयॉर्कमध्ये होता आणि इंग्रजी शिकायचं त्यानं शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. पुस्तक निघालं त्याच महिन्यात तो युद्धावर गेला आणि १९४४ च्या जुलैत विमानासकट नाहीसा झाला. फ्रान्समध्ये पुस्तक वाचकांच्या हाती पडलं १९४६ साली. त्याचं हस्तलिखित आजही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातच आहे.

त्या काळात न्यूयॉर्क हे फ्रेंच भाषेचं माहेरघरच झालं होतं. निर्वासित प्राध्यापकांनी १९४२ साली तिथे 'एकोल लिब्र' नावाचं फ्रेंच विद्यापीठ काढलं. त्यात मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस शिकवत. रॉकफेलर सेंटरमध्ये १९३५ पासून एक फ्रेंच पुस्तकांचं दुकान होतं. युद्धाच्या काळात मायदेशात ज्यांची पुस्तकं निघू शकत नव्हती अशा लेखकांची पुस्तकं त्या दुकानानं छापली. 'फ्रान्स-अमेरिक' हे नियतकालिक १९४३ साली याच शहरात सुरू झालं. मायदेशात भाषेचा गळा आवळला जातो तेव्हा ती परमुलखात श्वास घेते. निर्वासितांच्या इतिहासात हे वारंवार घडलं आहे.

पण रॉकफेलर सेंटरमधलं ते दुकान २००९ साली बंद झालं. भाडं परवडेना, आणि पुस्तकं लोक संगणकावरून मागवू लागले होते. हिटलरच्या काळात तगलेलं दुकान भाड्यापुढे टिकलं नाही. 'अल्बर्टिन' उभं आहे, कारण त्याच्यामागे एक सरकार आहे. भाषेला प्रतिष्ठा असते तेव्हा तिला संगमरवरी घर मिळतं. त्यात वाईट काही नाही. आपल्या मराठीला लंडन-न्यूयॉर्कात असं एखादं घर मिळालं तर मला आनंदच होईल.

दुसरी फ्रेंच मला भेटली हार्लेममध्ये. भुयारी रेल्वेनं एकशे सोळाव्या रस्त्यावर उतरायचं. माल्कम एक्स यांचं नाव लावणारी मशीद तिथेच आहे. तिथून पश्चिमेकडे चालू लागलं की पाट्या बदलतात. 'क्वाफ्यूर' म्हणजे केशभूषा, 'तायर' म्हणजे शिंपी, आणि गावी पैसे पाठवण्याची दुकानं. या भागाला 'ल पती सेनेगाल' म्हणतात. छोटं सेनेगल. १९८० च्या दशकापासून पश्चिम आफ्रिकेतली माणसं इथे येऊन राहिली. आधी फुटपाथवर टोप्या-घड्याळं विकली, मग टॅक्सी चालवली, मग गाळे घेतले. आता वाढत्या भाड्यामुळे त्यांतले बरेच ब्राँक्सकडे सरकले आहेत, पण शुक्रवारी नमाजाला आणि जेवायला माणसं अजून इथेच येतात.

मीही एका शुक्रवारी तिथल्या मशिदीत गेलो. खुतबा अरबीत सुरू झाला, मग वोलोफमध्ये गेला, अधूनमधून फ्रेंच वाक्यं येत होती. बाहेर आल्यावर माणसं घोळक्यानं उभी राहिली आणि भाषांची सरमिसळ सुरू झाली. वयानं माझ्याएवढे एक गृहस्थ, पेशानं शिंपी, मला जवळच्या खाणावळीत घेऊन गेले. मासे, भात आणि भाज्या एकाच पातेल्यात शिजवलेलं 'चेबूजेन' आलं. कोकणी माणसानं डोळे मिटून खावं असं. बरोबर 'बिसाप' नावाचं गर्द लाल सरबत. चव ओळखीची वाटली, म्हणून विचारलं, तर ते निघालं आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं!

त्यांनी मला विचारलं, "तुम्ही हिंदुस्थानातले मुसलमान, म्हणजे उर्दूत लिहीत असाल?"

हा प्रश्न मला गेली तीस वर्षं विचारला जातो. पुण्यात विचारतात, मुंबईत विचारतात, कविसंमेलनाच्या व्यासपीठावरसुद्धा विचारतात. "तुमचं मराठी किती छान आहे हो," असं कौतुक करतात, आणि ते पाहुण्याचं कौतुक असतं. मी त्या शिंप्याला सांगितलं, "घरात दखनी बोलतो. नमाज अरबीत पढतो. शाळा मराठीत झाली, आणि कविता मराठीत लिहितो."

त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता मान हलवली. "आमचंही तसंच," ते म्हणाले. "घरात वोलोफ, मशिदीत अरबी, शाळेत फ्रेंच."

जे मला माझ्या गावात तीस वर्षं समजावून सांगावं लागतं, ते त्या माणसाला एका वाक्यात समजलं. कारण एका माणसाच्या पोटात तीन-चार भाषा नांदतात, हे त्याच्या दृष्टीनं नवलाचं नव्हतंच.

आता इथे एक फरक सांगितला पाहिजे. सेनेगलमध्ये फ्रेंच राज्यकर्त्यांबरोबर आली. या हार्लेमकरांपैकी बरेच जण शेख अहमदू बांबा या सूफी संताचे अनुयायी. दरवर्षी जुलैत त्यांच्या नावानं हार्लेममधून मिरवणूक निघते. याच बांबांना फ्रेंच सरकारनं १८९५ साली देशाबाहेर, गॅबॉनला हद्दपार केलं होतं. म्हणजे ज्यांनी आपल्या संताला हद्दपार केलं त्यांची भाषा हे लोक बोलतात. तिच्याशी त्यांचं नातं सरळ नाही. मराठी माझ्या वाडवडिलांवर कुणी लादली नाही. ती शेजाऱ्यांची होती, बाजाराची होती, शेताच्या बांधावरची होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत रचला, तो काही कुणाच्या हुकमावरून नव्हे.

पण लादलेली भाषासुद्धा माणसं आपली करून घेतात. सेनेगल १९६० साली स्वतंत्र झाला आणि त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला एक कवी, लेओपोल्ड सेंगोर. त्यानं फ्रेंचमध्ये लिहिलं. न्यूयॉर्कवर, त्यातल्या हार्लेमवर त्याची एक प्रसिद्ध कविता आहे, जाझच्या ट्रम्पेटच्या साथीनं म्हणायची. १९८३ साली फ्रेंच अकादमीनं त्याला सदस्य करून घेतलं. भाषेची राखणदारी करणारी ती अकादमी! तिथे पोचलेला तो पहिला आफ्रिकी. ज्यांची भाषा, त्यांच्या दरबारात.

ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात हैतीची माणसं राहतात. त्या वस्तीला २०१८ पासून 'लिटल हैती' असं अधिकृत नाव आहे. त्यांची भाषा क्रेओल. तिचे बहुतेक शब्द फ्रेंचमधून आलेले, व्याकरण मात्र तिचं स्वतःचं. गुलामांच्या तोंडी ती घडली. दोन शतकं तिला 'मोडकी फ्रेंच' म्हणून हिणवलं. हैतीत फ्रेंच थोड्यांना येते, क्रेओल सगळ्यांना. तरी शाळा आणि कचेरी फ्रेंचचीच होती. १९८७ च्या राज्यघटनेनं क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीनं राजभाषा केलं. न्यूयॉर्कनं २०१७ साली कायदा करून सरकारी सेवांसाठी दहा भाषा ठरवल्या. स्पॅनिश, चिनी, रशियन, बंगाली, कोरियन, अरबी, पोलिश, शिवाय उर्दू. आणि याच यादीत हैतीची क्रेओल आणि फ्रेंच या दोन स्वतंत्र भाषा म्हणून नोंदल्या आहेत. दवाखान्यातला फॉर्म क्रेओल बाईला तिच्याच भाषेत मिळावा, फ्रेंचमध्ये नव्हे, यासाठी ही वेगळी ओळ आहे. दखनी म्हणजे 'बिघडलेली उर्दू' आणि अहिराणी म्हणजे 'अशुद्ध मराठी' असं ऐकत वाढलेल्या माणसाला त्या ओळीची किंमत कळते.

या हैतीकरांचा एक पूर्वज मला फार आवडला. पियेर तूसँ. जन्मानं गुलाम. १७८७ साली मालकाबरोबर न्यूयॉर्कला आला आणि बायकांची केशभूषा करण्यात त्यानं नाव काढलं. मालक वारल्यावर मालकीण निर्धन झाली, तर या गुलामानं आपल्या कमाईवर तिचं घर चालवलं. १८०७ साली तो स्वतंत्र झाला. पुढे त्यानं अनाथांना आसरा दिला, निर्वासितांना मदत केली. तो १८५३ साली वारला आणि आज फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या तळघरात, आर्चबिशपांच्या रांगेत चिरविश्रांती घेतो आहे. हार्लेममध्ये वेण्या घालून देणाऱ्या आफ्रिकी बायकांची दुकानं पाहताना मला त्याची आठवण होत होती. फ्रेंच बोलणाऱ्या केशकर्त्यांची या शहरात दोनशे वर्षांची परंपरा आहे म्हणायची.

आता माझ्या भाचीच्या घराबद्दल थोडं. तिची मुलगी सात वर्षांची. ती सरकारी शाळेत जाते आणि तिथे अर्धं शिक्षण इंग्रजीत, अर्धं फ्रेंचमध्ये होतं. असे वर्ग २००७ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झाले आणि ते पालकांच्या रेट्यामुळे. त्यांत फ्रान्समधून आलेले पालक होते, आफ्रिकेतले, हैतीतले होते, आणि ज्यांचा फ्रेंचशी काही संबंध नाही असे अमेरिकनही होते. फुकट शिक्षण, सरकारी शाळा, मजुराची मुलगी आणि वकिलाचा मुलगा एका बाकावर. फिफ्थ ॲव्हेन्यूची फ्रेंच आणि हार्लेमची फ्रेंच कुठे एकत्र बसत असेल तर ती त्या बाकावर.

माझी ही नात मला फ्रेंच गाणी म्हणून दाखवी, माझे उच्चार सुधारी. पण मी मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येई. भाची म्हणाली, "मामू, तिला कळतं सगळं, बोलत नाही." हे वाक्य न्यूयॉर्कमध्ये सातशे भाषांत रोज बोललं जात असेल. पहिली पिढी बोलते, दुसरीला कळतं, तिसरीला फक्त खाण्याच्या पदार्थांची नावं येतात. नेपाळातल्या पाच गावांची सेके नावाची भाषा आहे. बोलणारे सगळे मिळून सातशेच्या आसपास, आणि त्यांतले शंभराहून जास्त न्यूयॉर्कमध्ये. रॉस पर्लिन यांनी २०२४ साली आलेल्या 'लँग्वेज सिटी' या पुस्तकात अशा भाषांच्या कहाण्या लिहिल्या आहेत. त्या भाषेला दूतावास नाही, अकादमी नाही, शाळा नाही. जी काही उरेल ती घरातल्या बोलण्यात.

मी भाचीला काही उपदेश केला नाही. फक्त रोज रात्री नातीला मराठीत गोष्ट सांगू लागलो, आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचो. पुढचं हवं असेल तर मराठीत विचारायचं, एवढी एकच अट. चौथ्या रात्री तिनं विचारलं, "मग वाघ काय केलं?" व्याकरण चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. वाघानं काय केलं ते सांगितलं.

श्रोतेहो, न्यूयॉर्कमध्ये मला भाषेबद्दल एवढंच उमगलं. भाषेला प्रतिष्ठा लागते, पुस्तकांचं दुकान लागतं, सरकारचं बळ लागतं. पण ती जगते ती वापरणाऱ्यांच्या तोंडी, आणि वापरणारे नेहमी आपल्या जातीचे, धर्माचे, गावचे असतातच असं नाही. हार्लेमच्या शिंप्याची फ्रेंच पॅरिसची नव्हती. तिच्यात वोलोफचा हेल होता. पण तीच बोलत तो गिनीच्या टॅक्सीवाल्याशी व्यवहार करत होता, आणि मालीच्या बाईच्या लग्नाचा पोशाख शिवत होता.

आपल्याकडे कुणी 'पानी' म्हटलं की आपण लगेच त्याचं 'पाणी' करून देतो, आणि तो बिचारा पुढच्या वेळी हिंदीत बोलतो. पुण्याच्या रंगाऱ्याची, मुंबईच्या भाजीवाल्याची, नेपाळहून आलेल्या राखणदाराची मराठी कानाला वेगळी लागेल. लागू द्या. तिला आधी घरात घ्या, उच्चारांचं नंतर पाहू. उद्या त्यांच्यातलाच कुणी मराठीत कविता लिहील. तेव्हा "तुम्ही मराठीत कसे?" असं त्याला कुणी विचारू नये, एवढीच माझी विनंती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)